विज्ञानकथा-चाहत्यांच्या ऑनलाइन संमेलनाला पहिल्यांदाच जाताना

विज्ञानकथा-चाहत्यांची संमेलने वाचकांनीच वाचकांसाठी, बहुतेक वेळा विनावेतन काम करून उभी केलेली असतात, ही गोष्ट नवख्याने सर्वांत आधी लक्षात घ्यावी. पुढे तो ज्या ज्या ठिकाणी गोंधळतो, त्यांपैकी निम्म्या ठिकाणांचा उलगडा एवढ्यानेच होतो. तिकीट काढून खुर्चीत बसावे आणि पडदा पडताच उठून जावे, अशी त्यांची रचना नसते. म्हणूनच जुनी संमेलने ‘तिकीट’ हा शब्द टाळतात आणि त्याला ‘सदस्यत्व’ म्हणतात. संमेलन ऑनलाइन असले तरी हा फरक कायम राहतो. घरबसल्या संमेलन पाहणे आणि घरात बसून संमेलनाला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा लेख दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

दुरून भेटणे या मंडळींना नवीन नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पत्तेही छापले जाऊ लागले, तेव्हा वाचकांचा आपापसांत पत्रव्यवहार सुरू झाला. त्यातून मंडळे निघाली आणि मंडळांतून संमेलने. इंग्लंडमधील लीड्स येथे 3 जानेवारी 1937 रोजी झालेला मेळावा हे अशा संमेलनांपैकी पहिले, असे बरेच जण मानतात. (फिलाडेल्फियाचे समर्थक ऑक्टोबर 1936 मधील आपली भेट पुढे करतात, आणि हा वाद मिटावा अशी कोणाला फारशी घाई दिसत नाही.) जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, 1939 मध्ये न्यूयॉर्कला प्रथम भरले. महायुद्धामुळे 1942 ते 1945 ही चार वर्षे ते भरलेच नाही. पुढे 2020 मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे भरणाऱ्या 78व्या वर्ल्डकॉनवर (‘कॉनझीलंड’ हे त्याचे नाव) महासाथीचे संकट आले, तेव्हा मात्र संयोजकांनी ते रद्द न करता 29 जुलै ते 2 ऑगस्ट या काळात पूर्णपणे ऑनलाइन भरवले. चर्चा झूमवर आणि गप्पा डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या अ‍ॅपवर ही आज सर्रास दिसणारी वाटणी त्या वर्षी अनेकांच्या अंगवळणी पडली.

कोणत्या संमेलनापासून सुरुवात करावी

ऑनलाइन सहभागाचे तीन प्रकार आढळतात. काही संमेलने केवळ ऑनलाइनच भरतात. काही संमिश्र असतात, म्हणजे प्रत्यक्ष सभागृहात संमेलन चालू असते आणि दूरच्या सदस्यांसाठी समांतर कार्यक्रमही आखलेले असतात. तिसऱ्या प्रकारात सभागृहातील मोजके कार्यक्रम थेट दाखवले जातात आणि ऑनलाइन सदस्याच्या वाट्याला त्याहून फारसे काही येत नाही. माहितीपत्रकात तिन्ही प्रकारांना ‘ऑनलाइन सहभाग’ असेच नाव असू शकते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी शोधून पाहाव्यात: ऑनलाइन सदस्याला प्रश्न विचारता येतात का, ऑनलाइन सदस्यांसाठी गप्पांची वेगळी जागा आहे का, आणि चित्रफिती नंतर किती दिवस उपलब्ध राहतात. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते प्रक्षेपण आहे. तेही चांगले असू शकते, पण त्याला संमेलन म्हणता येणार नाही.

माझे मत असे की, नवख्याने लहान आणि पूर्णतः ऑनलाइन संमेलनापासून सुरुवात करावी. संमिश्र संमेलनात सभागृहातील लोकांना एकमेकांचे विनोद कळत असतात आणि दूरचा सदस्य खिडकीतून डोकावल्यासारखा राहतो. पूर्ण ऑनलाइन संमेलनात सर्वच जण खिडकीत असल्यामुळे हा भेद उरत नाही. ‘फ्लाइट्स ऑफ फाउंड्री’ हे 2020 मध्ये सुरू झालेले संमेलन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते ऑनलाइनच भरते आणि वेगवेगळ्या कालपट्ट्यांमधील लोकांना सोयीचे व्हावे अशा बेताने त्याचे कार्यक्रम आखलेले असतात. ब्रिटनमधील ईस्टरकॉन किंवा वर्ल्डकॉन ही मोठी संमेलने एकदा सराव झाल्यावर अधिक आनंद देतात.

सदस्यत्व घेताना

लहान संमेलनांचे सदस्यत्व घेणे सोपे असते. अर्ज भरावा, शुल्क किंवा ऐच्छिक देणगी द्यावी, एवढेच. वर्ल्डकॉनचे मात्र थोडे समजून घ्यावे लागते. तेथे सदस्यत्वाचे दोन थर असतात. पहिला थर म्हणजे जागतिक विज्ञानकथा संस्थेचे सदस्यत्व. त्यामुळे ह्यूगो पुरस्कारांसाठी, म्हणजे वर्ल्डकॉनतर्फे विज्ञानकथांना दिल्या जाणाऱ्या वार्षिक पुरस्कारांसाठी, नामांकन आणि मतदान करण्याचा अधिकार मिळतो. दुसरा थर म्हणजे त्यावर घ्यावयाची उपस्थितीची जोड, आणि ती प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन अशी वेगवेगळी असते. केवळ पहिला थर घेतला, तर मतदान करता येते पण कार्यक्रमांना प्रवेश मिळत नाही, आणि बरेच नवखे नेमके येथेच फसतात.

पहिला थर घेतलाच असेल, तर मतदान अवश्य करावे. ह्यूगो पुरस्कार 1953 मध्ये प्रथम देण्यात आले आणि ते परीक्षक मंडळ ठरवत नाही, सदस्य ठरवतात. प्रत्येक विभागात सहसा सहा अंतिम स्पर्धक असतात, आणि एकाच नावावर खूण न करता पसंतीक्रमाने 1, 2, 3 असे आकडे घालावयाचे असतात. ‘पुरस्कार देऊ नये’ हाही पर्याय यादीत असतो आणि त्यालाही क्रमांक देता येतो. मतदारांना वाचता यावे म्हणून अनेक प्रकाशक स्पर्धक साहित्याच्या डिजिटल प्रती देतात. त्या मिळतीलच अशी हमी नसते, पण मिळाल्या तर काही महिने पुरेल इतके वाचन होते. मतदान संमेलनाच्या बरेच आधी बंद होत असल्यामुळे संमेलनाच्या आठवड्यात सदस्य होणाऱ्याला ही संधी मिळत नाही. नियमांत बदल करणारी कामकाज बैठकही सदस्यांसाठी खुली असते. 2025 च्या सिअ‍ॅटल वर्ल्डकॉनने ती संमेलनाच्या आधीच ऑनलाइन घेतली होती. पहिल्या वर्षी मात्र तिकडे वळू नये. ठरावावर उपसूचना आणि उपसूचनेवर हरकतीचा मुद्दा यांत रस असणाऱ्यांनाच ती बैठक रुचते.

नोंदणी करताना ओळखपत्रावर कोणते नाव हवे, असे विचारले जाते. ते कायदेशीर नावच असले पाहिजे, असे बंधन सहसा नसते. टोपणनावाने वावरण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. मात्र जे नाव येथे लिहाल तेच झूमवर आणि डिस्कॉर्डवरही लावावे. तीन ठिकाणी तीन नावे लावली, तर सकाळी ज्याच्याशी बोललात तो संध्याकाळी तुम्हाला ओळखणार नाही.

घड्याळाचे गणित

ऑनलाइन संमेलनात सर्वांत जास्त चुका वेळेच्या होतात, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. कार्यक्रमपत्रिका बहुधा यजमान शहराच्या वेळेनुसार छापलेली असते. वेलिंग्टनमध्ये 30 जुलैच्या सकाळचे 10 वाजलेले असतात, तेव्हा लंडनमध्ये 29 जुलैच्या रात्रीचे 11 वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये 29 च्याच संध्याकाळचे 6. म्हणजे केवळ तास मोजून भागत नाही, तारीखही तपासावी लागते. 2020 मध्ये या अडचणीतूनच ‘कॉनझीलंड फ्रिंज’ हा समांतर उपक्रम निघाला, कारण मुख्य कार्यक्रमांच्या वेळा युरोपातील चाहत्यांना गैरसोयीच्या होत्या.

याहून फसवा प्रकार म्हणजे उन्हाळी वेळ. अमेरिकेतील बहुतेक भागांत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत या दोन खंडांतील नेहमीचे अंतर एका तासाने बदललेले असते. ईस्टरकॉन ईस्टरच्या सुटीत भरत असल्यामुळे त्याला हा फटका कधीकधी ऐन संमेलनातच बसतो. 2024 मध्ये ईस्टरचा रविवार 31 मार्चला आला आणि ब्रिटनमधील घड्याळे त्याच पहाटे पुढे सरकली. अशाच एका बदलाच्या रविवारी मी एका लेखिकेबरोबरच्या छोट्या गप्पांच्या बैठकीला अगदी वेळेवर पोहोचलो, असे समजून बसलो होतो. बैठक संपून पाच मिनिटे झाली होती.

यावर उपाय साधा आहे. संमेलनाच्या आठवडाभर आधी, निवडलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची वेळ प्रथम जागतिक समन्वित वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, लिहावी आणि तेथून आपल्या वेळेत आणावी. कार्यक्रमपत्रिकेच्या अनेक अ‍ॅपमध्ये ‘माझ्या वेळेनुसार दाखवा’ अशी सोय असते, पण ती सुरू आहे की नाही हे उद्घाटनासारख्या एखाद्या ज्ञात कार्यक्रमावरून पडताळून पाहावे. त्यानंतर ते कार्यक्रम फोनच्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटे आधीच्या सूचनेसह नोंदवावेत.

आणि त्या दिवसांची सुटी घ्यावी. प्रवास नाही म्हणून सुटीही नको, हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र एका कानात चर्चा आणि दुसऱ्या कानात घरचे किंवा कार्यालयाचे काम असे केले, तर दोन्हींचे नुकसान होते. संपूर्ण संमेलनासाठी सुटी मिळत नसेल, तर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा आणि घरातील माणसांना तसे स्पष्ट सांगावे. प्रत्यक्ष संमेलनांना जाणाऱ्यांमध्ये दररोज किमान पाच तास झोप, दोन वेळचे जेवण आणि एक अंघोळ असा एक जुना नियम सांगितला जातो. तो घरी बसून संमेलनाला जाणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडतो, कारण रात्री दोनचा कार्यक्रम आणि सकाळी आठचा कार्यक्रम यांच्यामध्ये झोप ठेवायची आठवण करून देणारे तेथे कोणी नसते.

जोडणी आणि खाती

फारशा सामग्रीची गरज नसते. माइक असलेले साधे हेडफोन घ्यावेत, कारण संगणकाच्या स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरला की इतरांना प्रतिध्वनी ऐकू येतो. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला एक जीबीच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक डेटा लागतो. जोडणी मोजूनमापून वापरावी लागत असेल, तर चित्राचा दर्जा कमी करावा आणि स्वतःचा कॅमेरा बंद ठेवावा. शक्य असल्यास दोन पडदे वापरावेत, एकावर कार्यक्रम आणि दुसऱ्यावर गप्पा. दुसरा पडदा फोनचा असला तरी चालतो.

खाती मात्र दोन दिवस आधीच तयार ठेवावीत. संमेलनाचा प्रवेश-दुवा ईमेलने येतो आणि तो स्पॅममध्ये जाऊन पडण्याची शक्यता बरीच असते. डिस्कॉर्डवर संमेलनाच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे संमेलनासाठी राखलेल्या जागेत, शिरल्यावर सदस्यत्वाची खातरजमा होईपर्यंत फक्त एक-दोनच दालने (चॅनेल) दिसतात. बाकीची दालने खातरजमेनंतर उघडतात. सर्वच दालनांच्या सूचना चालू ठेवल्या, तर फोन दिवसभर किणकिणत राहतो. म्हणून आधी सगळ्या सूचना बंद कराव्यात आणि मग मदतकक्ष, घोषणा आणि आवडीची दोन-तीन दालने एवढ्यांच्याच सुरू कराव्यात. मदतकक्षात विचारलेल्या बाळबोध प्रश्नालाही उत्तर मिळते, कारण तेथे बसलेली मंडळी त्याचसाठी स्वेच्छेने बसलेली असतात. उद्घाटनापूर्वीच्या पाच मिनिटांत मात्र विचारू नये. त्या वेळी प्रत्येकाचाच दुवा चालत नसतो.

कार्यक्रमांची निवड

एकाच वेळी चार-पाच कार्यक्रम चालू असतात आणि पहिल्यांदा पत्रिका पाहणारा माणूस त्यांतले सगळेच निवडतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत व्हायला दुसरा दिवसही उजाडावा लागत नाही. दिवसाला तीन, फार तर चार कार्यक्रम निवडावेत आणि सलग दोनांपेक्षा अधिक घेऊ नयेत. निवडीची माझी कसोटी अशी: ज्याची चित्रफीत नंतर पाहता येणार आहे, तो कार्यक्रम थेट पाहण्याचा हट्ट धरू नये, ज्याची चित्रफीत होणारच नाही, त्याला आधी जागा द्यावी. त्यामुळे मोठ्या नावांची मुख्य भाषणे मागे पडतात आणि लहान बैठका, कार्यशाळा व आळीपाळीने गाण्याची वर्तुळे पुढे येतात.

लहान बैठकांपैकी सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे काफेक्लाच. हा मूळ जर्मन शब्द असून त्याचा अर्थ कॉफीबरोबरच्या गप्पा असा आहे. एक लेखक, संपादक किंवा शास्त्रज्ञ आणि आठ-दहा चाहते यांनी तासभर मोकळेपणाने बोलावे, एवढेच त्याचे स्वरूप. जागा मोजक्या असल्याने आधी नाव नोंदवावे लागते आणि नोंदणी सुरू होताच ती भरते. ती केव्हा सुरू होते, ही वेळही कॅलेंडरमध्ये असावी. येथे कॅमेरा सुरू ठेवणे सौजन्याचे मानले जाते. ज्यांचे काम आपण वाचलेले नाही अशा पाहुण्याच्या बैठकीलाही खुशाल जावे, मात्र तसे सुरुवातीलाच सांगून टाकावे. नाव नोंदवून येणे जमत नसेल, तर नाव मागे घ्यावे. कोणीतरी प्रतीक्षायादीत थांबलेले असते.

विक्रेत्यांचे दालन आणि कलाप्रदर्शन ऑनलाइन संमेलनात बहुधा दुव्यांच्या यादीसारखे असते. वेषभूषा स्पर्धेतही आधी चित्रित केलेल्या फितीच दाखवल्या जातात. ही दालने सवडीने पाहावीत.

चर्चासत्रात बसल्यावर

चर्चासत्र झूमच्या वेबिनार प्रकारात असेल, तर श्रोत्यांना कॅमेरा आणि माइक सहसा दिलेलाच नसतो. ते साध्या बैठकीच्या प्रकारात असेल, तर दोन्ही असतात आणि माइक बंद आहे की नाही ते आपले आपणच पाहावे लागते. दोन्ही प्रकारांत मजकुराच्या दोन जागा असू शकतात: एक गप्पांची आणि एक प्रश्नांची. गप्पांच्या चौकटीत लिहिलेला प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो, आणि सूत्रसंचालकाचे लक्ष प्रश्नांच्या चौकटीवर असते. सत्र संपण्याची वाट न पाहता प्रश्न मध्यावरच लिहून ठेवावा. काही ठिकाणी इतर श्रोते त्याला पसंती देऊन वर आणतात.

प्रश्न कसा विचारावा, याविषयी चाहत्यांच्या जगात एक जुनीच तक्रार आहे. ‘हा प्रश्नापेक्षा अभिप्राय अधिक आहे’ असे म्हणून काही जण पाच मिनिटे बोलतात आणि नमनालाच घडाभर तेल जाते. लेखी प्रश्नाचा मोठा फायदा म्हणजे ही सवय आपोआप मोडते. दोन वाक्यांत मावेल, एकाच वक्त्याला उद्देशून असेल आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ने संपणार नाही, असा प्रश्न हमखास घेतला जातो. उदाहरणार्थ, प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाळून आंतरतारकीय समाज रंगवण्याविषयी चर्चा चालू असेल, तर ‘असे प्रवास शक्य आहेत का’ असे विचारण्यापेक्षा, ‘सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळायला साडेआठ वर्षे लागतील, अशा दोन वसाहतींमध्ये एकच कायदा कसा टिकेल’ असे विचारावे. वक्त्यांना काहीतरी घडवायला मिळाले की ते खुलतात.

कथेचा शेवट उघड करणारा मजकूर गप्पांत लिहिताना तो झाकून लिहावा. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा घातल्या की तो झाकला जातो आणि ज्याला वाचायचा असेल त्यालाच उघडता येतो.

मधल्या वेळेत

संमेलनाचा जीव सभागृहात नसतो, तो मार्गिकेत असतो, असे जुने चाहते सांगतात, आणि ऑनलाइन संमेलनात ही मार्गिका मुद्दाम शोधावी लागते. चर्चासत्र संपले की झूमची खोली एका क्षणात बंद होते. हॉटेलच्या दारात रेंगाळणारे लोक येथे दिसत नाहीत. म्हणून सत्र संपण्यापूर्वीच त्या सत्रासाठी नेमलेले डिस्कॉर्डवरील दालन उघडून ठेवावे. बऱ्याचदा वक्तेही तेथे येतात आणि वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात. पहिले वाक्य काय लिहावे, हे सुचत नसेल, तर ‘हे माझे पहिलेच संमेलन आहे’ असे लिहावे. या वाक्याचा परिणाम मी अनेकदा पाहिला आहे. दहा मिनिटांत वाचनाच्या तीन याद्या हातात पडतात.

काही संमेलने अशी जागा वापरतात, जेथे नकाशावरील आपली छोटी आकृती दुसऱ्याच्या जवळ नेली की त्याचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि दूर नेली की विरतो. तेथे चालू घोळक्याजवळ जाऊन थोडा वेळ नुसते ऐकण्यात काहीच वावगे नाही, आणि निघताना लांबलचक निरोप घेण्याचीही गरज नसते.

फिल्क, म्हणजे चाहत्यांनी रचलेली आणि गायलेली गाणी, हा प्रकार मात्र एकदा तरी अनुभवावा. ‘फोक’ या शब्दाच्या एका छपाईतील चुकीतून 1950 च्या दशकात हे नाव पडले आणि चाहत्यांनी ते हौसेने ठेवून घेतले. ऑनलाइन फिल्कची एक तांत्रिक अडचण आहे: आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला जो विलंब लागतो, त्यामुळे दोघांनाही एका तालात गाता येत नाही, मग वर्तुळाची गोष्टच नको. त्यामुळे एकाने गावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ द्यावी, अशी रीत पडली आहे. आपली पाळी आली की स्वतः गाता येते, दुसऱ्याला फर्माईश करता येते किंवा पाळी सोडताही येते, आणि पाळी सोडणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. गाणार असाल, तर झूममधील ‘मूळ आवाज’ हा पर्याय सुरू करावा. एरवी गोंगाट गाळणारी यंत्रणा वाद्याचे लांबलेले सूर गोंगाट समजून कापून टाकते.

आचारसंहिता नोंदणीच्याच वेळी वाचून ठेवावी. बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या चेहऱ्याचा किंवा संभाषणाचा पडदाफोटो (स्क्रीनशॉट) विचारल्याशिवाय घेणे आणि अन्यत्र टाकणे निषिद्ध असते. कोणाच्या वागण्याचा त्रास झाला, तर त्याच्याशी वाद न घालता संमेलनाने नेमलेल्या तक्रार-पथकाला लिहावे. संदेशाचा दुवा आणि वेळ सोबत दिली की त्यांचे काम सोपे होते.

समारोपाच्या दिवशी

समारोपाचा औपचारिक कार्यक्रम संपला की नवखे लोक निघून जातात. जुने चाहते थांबतात, कारण त्यानंतर ‘डेड डॉग पार्टी’ असते. नाव विचित्र असले तरी अर्थ एवढाच की, दमून मेल्यासारखी झालेली उरलीसुरली मंडळी शेवटचा थोडा वेळ एकत्र बसते. ऑनलाइन संमेलनात ती एखाद्या ध्वनिदालनात भरते, तिला कार्यक्रम नसतो, आणि तीन दिवस ज्यांची नुसती नावे वाचली, त्यांचे आवाज येथे प्रथम ऐकायला मिळतात. संयोजकही याच वेळी जरा मोकळे झालेले असतात. पुढच्या वर्षी स्वयंसेवक व्हावयाचे असेल, तर ते त्यांना येथेच सांगावे. गप्पांचे दालन सांभाळणे किंवा प्रश्न गोळा करून सूत्रसंचालकाकडे पोहोचवणे ही कामे कोणत्याही शहरातून करता येतात.

उरते ते दोन छोट्या नोंदींचे काम. चित्रफिती कोणत्या तारखेपर्यंत पाहता येतील आणि डिस्कॉर्डचा सर्व्हर केव्हा बंद होईल, या दोन्ही तारखा सहसा घोषणांच्या दालनात दिलेल्या असतात. सर्व्हर बंद होताच त्यातील वाचनाच्या याद्या आणि दुवेही जातात, म्हणून हवे असलेले त्याच रात्री स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावे, आणि ज्यांच्याशी ओळख झाली, त्यांना पुढे कोठे भेटता येईल हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.